लंडनचा पंक इतिहास पायी बघायचा तर: गाइड निवडण्यापासून शेवटच्या गल्लीपर्यंत

पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर रॉक संगीत. त्याच्या जागा दाखवणाऱ्या टूरला जाणाऱ्याचा अपेक्षाभंग ठरलेला असतो, कारण बघण्यासारखं तिथे फारसं काही उरलेलंच नाही. सेक्स पिस्टल्स या बँडचा पहिला कार्यक्रम झाला त्या इमारतीत आज पुस्तकांचं दुकान आहे. ते तालीम करायचे त्या जागेचं हॉटेल झालंय. रॉक्सी क्लबच्या जागी दुकान आहे, आणि क्लॅश या दुसऱ्या बँडच्या पहिल्या अल्बमवरचा फोटो जिथे काढला तो कोपरा टी-शर्ट आणि खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत शोधावा लागतो. एकटे गेलात तर दुकानांच्या काचांत स्वतःचंच तोंड बघून परत याल. म्हणून या विषयाला गाइड लागतो.

मात्र गाइडकडून काय काढून घ्यायचं हे आधी ठरवून गेलं पाहिजे. कोणी कुठे बाटली फेकली, कोण कुणाशी भांडलं हे किस्से सगळेच सांगतात आणि ते ऐकायला मजाही येते. त्यापलीकडचा प्रश्न एकच आहे आणि तो प्रत्येक थांब्यावर विचारावा: १९७६ मध्ये ही जागा कुणाची होती आणि तिचं भाडं किती होतं? लंडनच्या पंकचा इतिहास गाण्यांचा आहे तितकाच पडक्या, ओस, कुणालाच नको असलेल्या इमारतींचा आहे. शहराच्या मध्यभागी विशीतल्या बेकार पोरांना तालमीला, राहायला आणि गोंधळ घालायला जागा मिळाली, म्हणून हे सगळं घडलं.

आधी भाग ठरवा

एका दिवसात ‘पंक लंडन’ बघून होत नाही. त्याचे पाच तुकडे आहेत आणि ते एकमेकांपासून लांब आहेत. ऑक्सफर्ड स्ट्रीट, सोहो आणि कोव्हेंट गार्डन हा मधला तुकडा. नैर्ऋत्येला चेल्सीतला किंग्ज रोड, उत्तरेला कॅम्डन, पश्चिमेला नॉटिंग हिल आणि वेस्टवेचा उड्डाणमार्ग. पाचवा तुकडा पूर्वेचा. तो बहुतेक टूरवाले गाळतात, त्याच्याकडे शेवटी येऊ.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मधला तुकडा घ्यावा. अंतर दोन किलोमीटरच्या आत, चढ नाही, आणि महत्त्वाचे चार थांबे एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. दोन-अडीच तासांत तो व्यवस्थित होतो. तेवढ्याच वेळात ‘चेल्सी ते कॅम्डन’ दाखवू म्हणणारी टूर दिसली तर समजा की निम्मा वेळ तुम्ही भुयारी रेल्वेत उभे राहणार आहात.

गाइडची पारख

लंडनमध्ये संगीताच्या पायी टूर पुष्कळ आहेत. काहींमध्ये बीटल्सपासून एमी वाइनहाउसपर्यंत सगळे कोंबलेले असतात, पंकच्या वाट्याला त्यात वीस मिनिटं येतात. तुम्हाला फक्त पंक हवं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेली टूर शोधा, आणि पैसे भरण्याआधी एक ई-मेल पाठवा. गटात माणसं किती, थांबे कोणते, पाऊस आला तर काय, हे विचाराच. पंधराच्या वर माणसं असतील तर लंडनच्या अरुंद फुटपाथवर मागच्यांना काही ऐकू येत नाही.

त्याच ई-मेलमध्ये एक खोडसाळ प्रश्न घालायला हरकत नाही. ४ जुलै १९७६ ला न्यूयॉर्कचा रामोन्स हा बँड कॅम्डनच्या राउंडहाउसमध्ये वाजला, आणि त्या रात्री लंडनचे सगळे होतकरू पंक तिथे होते अशी दंतकथा आहे. त्या रात्री क्लॅश आणि सेक्स पिस्टल्स कुठे होते, एवढंच विचारा. ते शेफील्डमध्ये होते, ब्लॅक स्वान नावाच्या पबमध्ये. क्लॅशचा तो पहिलाच जाहीर कार्यक्रम, पिस्टल्सच्या आधी वाजवण्याचा. लंडनची मंडळी रामोन्सना भेटली ती दुसऱ्या रात्री, कॅम्डनच्याच डिंगवॉल्स क्लबमध्ये. ज्याला हे ठाऊक आहे तो बाकीच्या गोष्टीही तपासून सांगत असणार.

दुसरी पारख: गाइड न्यूयॉर्कचं नाव घेतो का? पंक लंडनमध्येच जन्मलं असं ठासून सांगणारा गाइड अभिमानी असेल, भरवशाचा नाही. तिसरी पारख, वाटेत बायका भेटतात का. किंग्ज रोडवरच्या ‘सेक्स’ या दुकानाचा चेहरा झालेली जॉर्डन, गायिका सूझी सू, मुलींचा बँड स्लिट्स, आणि वडील सोमाली असलेली एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन, यांच्याशिवाय ही गोष्ट सांगणारा अर्धीच सांगतोय.

‘मोफत’ म्हणून जाहिरात केलेल्या टूरमध्ये शेवटी टोपी फिरतेच. माणशी दहा-पंधरा पौंड दिले की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. आधी पैसे भरलेल्या टूरमध्ये बक्षिसी ऐच्छिक असते.

निघण्याआधीची तयारी

चार बँडची चार गाणी ऐकून जा, पुरे. त्याहून जास्त उपयोग जुन्या फोटोंचा होतो. ज्या पत्त्यांवर जाणार आहात त्या पत्त्यांचे १९७५ ते ७८ मधले फोटो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. जागेवर पोचल्यावर फोटो समोर धरायचा आणि दुकानाच्या पाटीकडे न बघता वर बघायचं. लंडनमध्ये तळमजला दर काही वर्षांनी बदलतो. वरच्या मजल्याच्या खिडक्या, विटांची कमान, पावसाच्या पाण्याचा नळ हे मात्र तसेच राहतात. एकदा खिडक्या जुळल्या की जागा ओळखू येते.

बूट जुने आणि सवयीचे घाला. फक्त टूरसाठी डॉक्टर मार्टेन्सचे नवे कोरे बूट घेऊन आलेला एखादा जण गटात असतोच, आणि दुसऱ्या थांब्यापासून तो लंगडत असतो.

मधला तुकडा, क्रमाने

सुरुवात टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनपासून. पश्चिमेकडे चार-पाच मिनिटांवर १०० ऑक्सफर्ड स्ट्रीट. पत्ता तोच नावात, हंड्रेड क्लब. दोन दुकानांच्या मधला दरवाजा, आत तळघरात उतरणारा जिना. १९४२ पासून इथे संगीत चालू आहे, आधी जॅझ, मग बाकीचं. २० आणि २१ सप्टेंबर १९७६ ला इथे दोन रात्रींचा पंक महोत्सव झाला. पहिल्या रात्री सबवे सेक्ट, सूझी अँड द बॅन्शीज, क्लॅश आणि सेक्स पिस्टल्स. सूझीच्या मागे ड्रमवर पुढे पिस्टल्समध्ये गेलेला सिड व्हिशस होता, ज्याला ड्रम वाजवता येत नव्हते. दुसऱ्या रात्री डॅम्ड हा बँड वाजवत असताना कुणीतरी काचेचा ग्लास फेकला, तो फुटून एका मुलीच्या डोळ्याला इजा झाली. सिडला अटक झाली आणि क्लबने पंकला काही काळ दार बंद केलं.

दिवसा हा क्लब बंद असतो, त्यामुळे टूर बाहेरूनच होते. आत जायचं असेल तर त्याच दिवशीच्या रात्रीच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा, कोणताही बँड असो. मंचामागे मोठ्ठा ‘१००’ लिहिलेला, लाल भिंती, छत बेताचं. भाड्याचा प्रश्न इथे जरूर विचारा. हा क्लब अनेकदा बंद पडायच्या बेतात होता. २०२० मध्ये वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने त्याचा व्यवसाय-कर माफ केला म्हणून तो टिकला. ज्या शहराने एकेकाळी पंकच्या कार्यक्रमांवर बंदी घातली त्याच शहराने तळघर वाचवायला कर सोडला, यावर गाइडचं मत काय तेही कळेल.

तिथून परत पूर्वेला येऊन डेन्मार्क स्ट्रीटवर वळा. शंभरेक पावलांची गल्ली. एकेकाळी इथे संगीत प्रकाशकांची कार्यालयं होती, मग गिटारची दुकानं आली. सहा नंबरच्या घरामागे एक छोटी इमारत आहे. सेक्स पिस्टल्स तिथे तालीम करायचे, आणि स्टीव्ह जोन्स आणि ग्लेन मॅटलॉक काही काळ वर राहायचेसुद्धा. बँडचा गायक जॉन लायडन, म्हणजे जॉनी रॉटन, याने भिंतींवर बँडमधल्यांची आणि मॅनेजर माल्कम मॅक्लॅरनची व्यंगचित्रं काढून ठेवली. २०११ मध्ये पुरातत्त्वाच्या एका नामांकित नियतकालिकात त्या चित्रांवर लेख आला आणि २०१६ मध्ये इमारतीला वरच्या श्रेणीतला वारसा दर्जा मिळाला. सतराव्या शतकातलं घर आणि विसाव्या शतकातली शिवराळ चित्रं, दोन्ही एकाच यादीत.

इथे बराच वेळ थांबा, कारण सगळ्या टूरचा गाभा या गल्लीत आहे. आजूबाजूला बघा: क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गाच्या कामात अ‍ॅस्टोरिया थिएटर २००९ मध्ये पाडलं, गल्लीतला ट्वेल्व्ह बार क्लब २०१५ मध्ये बंद झाला, शेजारी डिजिटल पडद्यांनी मढवलेला प्रचंड प्रकल्प उभा राहिला. वारसा दर्जा भिंतीला मिळाला. भिंतीवर चित्र काढू शकेल असा पोरगा आज या गल्लीत भाडं भरू शकत नाही. मागची इमारत हॉटेलच्या ताब्यात असल्याने टूरमध्ये चित्रं बघायला सहसा आत जाता येत नाही. ‘मी आत नेतो’ म्हणणाऱ्या गाइडला कधी, कसं आणि कुणाच्या परवानगीने ते आधीच विचारून घ्या.

गल्लीच्या तोंडाशी चेअरिंग क्रॉस रोड ओलांडला की १०७ नंबर. आज इथे फॉइल्स हे पुस्तकांचं दुकान आहे, तेव्हा सेंट मार्टिन्स कला महाविद्यालय होतं. मॅटलॉक तिथला विद्यार्थी, म्हणून ६ नोव्हेंबर १९७५ ला पिस्टल्सना पहिला कार्यक्रम मिळाला, बझूका जो नावाच्या बँडच्या आधी. साहित्यही त्यांचंच उसनं घेतलेलं. काही गाण्यांनंतर प्लग काढला गेला, वादावादी झाली. बझूका जोचा बास वाजवणारा स्टुअर्ट गोडार्ड हे बघून इतका हलला की त्याने आपला बँड सोडला. पुढे तो अ‍ॅडम अँट म्हणून गाजला. भिंतीवर फलक आहे, शोधा. दुकानात वर कॅफे आहे आणि स्वच्छतागृहही. टूरमध्ये विश्रांती घ्यायची तर हीच जागा.

शेवटचा थांबा नील स्ट्रीट, ४१ ते ४३. रॉक्सी क्लब. इथे गाइडने कोव्हेंट गार्डनची गोष्ट सांगितली नाही तर तुम्ही सांगायला लावा. फळं आणि भाज्यांचा घाऊक बाजार नोव्हेंबर १९७४ मध्ये इथून नाइन एल्म्सला हलला. सगळा परिसर पाडून रस्ते आणि कार्यालयं बांधायची योजना होती. रहिवासी लढले, १९७३ मध्ये सरकारने अडीचशे इमारतींना संरक्षण दिलं आणि योजना बारगळली. पाडायचं थांबलं, पण नवं काही आलं नव्हतं. त्या मधल्या काळात गोदामं ओस, भाडी पडलेली, रात्री रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणजे आवाजाची तक्रार करायलाही कुणी नाही. त्या पोकळीत डिसेंबर १९७६ मध्ये अँडी चेझोव्स्की, सूझन कॅरिंग्टन आणि बॅरी जोन्स यांनी क्लब उघडला. १ जानेवारी १९७७ ला क्लॅश वाजले. सुरू करणाऱ्यांच्या हातात तो जेमतेम शंभर रात्री राहिला. पुढे एप्रिल १९७८ मध्ये कायमचा बंद झाला.

गाण्यांमधल्या वेळात रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्स करायचा. पंकच्या रेकॉर्ड तेव्हा फारशा निघालेल्या नव्हत्या, असून असून किती असणार? म्हणून तो घरच्या रेगे तबकड्या लावायचा. जमैकन आई-बापांच्या मुलाने गोऱ्या पोरांना रेगेची चटक लावली, आणि क्लॅशच्या पुढच्या संगीतात ती ऐकू येते.

किंग्ज रोड

हा तुकडा स्वतःचा स्वतः केला तरी चालतो. स्लोन स्क्वेअर स्टेशनवर उतरून २२ नंबरची बस घ्या आणि वर्ल्ड्स एंडला उतरा. सगळा रस्ता चालत जाण्यात अर्थ नाही, वाटेत महागडी दुकानंच आहेत. ४३० नंबरला मॅक्लॅरन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हिएन वेस्टवुड यांचं कपड्यांचं दुकान. १९७१ पासून त्याची नावं आणि सोंगं बदलत गेली. १९७४ ते ७६ ते ‘सेक्स’ होतं, मग ‘सेडिशनरीज’, १९८० पासून ‘वर्ल्ड्स एंड’. ऑगस्ट १९७५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर हाताने ‘आय हेट’ लिहून फिरणाऱ्या लायडनला इथल्या ज्यूकबॉक्ससमोर उभं करून अ‍ॅलिस कूपरच्या गाण्यावर ओठ हलवायला लावलं, हीच त्याची निवडचाचणी.

दर्शनी भागावर तेरा तासांचं मोठं घड्याळ आहे, काटे उलटे फिरतात. आतली जमीन उतरती आहे, जहाजाच्या डेकसारखी. हे चालू दुकान आहे, संग्रहालय नव्हे. आत जाऊन कपडे बघा, किमती बघा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. जाताना डोक्यात एक प्रसंग ठेवा: २६ नोव्हेंबर २०१६ ला मॅक्लॅरन आणि वेस्टवुड यांचा मुलगा जो कोरे याने चेल्सीजवळ थेम्सवर बोटीत आपल्या संग्रहातल्या पंक वस्तू जाळल्या. त्यांची किंमत पन्नास लाख पौंड असल्याचं तो सांगत होता. पंकच्या चाळिशीचा सरकारी थाटातला उत्सव त्याला मान्य नव्हता. मला विचाराल तर जाळणं हा तमाशाच होता, पण पंक टूरला पैसे भरून निघालेल्या प्रत्येकाला त्याचा प्रश्न थोडा लागू होतो.

कॅम्डन, आणि तिथून पुलापलीकडे

शनिवार-रविवारी कॅम्डन टाउन स्टेशन टाळा, गर्दीत चेंगरायला होतं. एक स्टेशन पुढे चॉक फार्मला उतरा आणि उताराने कॅम्डनकडे चालत या. पहिल्यांदा राउंडहाउस लागतं, १८४७ चं रेल्वे इंजिनं फिरवायचं गोल शेड. पुढे स्टेबल्स मार्केट. या आवारात रेल्वेचं जुनं मालगोदाम होतं, तिथे मॅनेजर बर्नी ऱ्होड्सने क्लॅशला तालमीची जागा दिली. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा केट सायमनचा फोटो याच परिसरातला. फोटोत तिघेच आहेत. ड्रमर टेरी चाइम्सने बँड सोडायचं ठरवलं होतं. कालव्याजवळ डिंगवॉल्स. ५ जुलै १९७६ ला रामोन्सच्या दुसऱ्या कार्यक्रमानंतर याच दाराबाहेर क्लॅशचा पॉल सिमोनन आणि स्ट्रँगलर्सचा जाँ-जॅक बर्नेल यांची मारामारी झाली.

मराठी माणसाने चॉक फार्मला उतरून आणखी एक गोष्ट करावी. स्टेशनशेजारच्या पुलावरून रेल्वे ओलांडली की किंग हेन्रीज रोड. दहा नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. राउंडहाउसपासून जेमतेम दहा मिनिटं. स्मारक कधी उघडं असतं ते आदल्या दिवशी बघून ठेवा आणि टूर सकाळची असेल तर हे दुपारी करा. पंकच्या वाटेवरचं हे वळण कुठलाच गाइड दाखवत नाही.

पश्चिम

इथे थोडक्यात. १९७० मध्ये घरांच्या खिडक्यांना खेटून वेस्टवे बांधला गेला, आजूबाजूची पाडायला काढलेली घरं रिकामी पडली आणि तरुण मंडळी त्यात घुसून राहू लागली. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर याचा आधीचा बँड अशाच एका घराच्या, १०१ वॉल्टरटन रोडच्या नंबरावरून ‘वन-ओ-वन-अर्स’ झाला. (स्ट्रमरचे वडील लखनौमध्ये जन्मलेले, हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.) ऑगस्ट १९७६ च्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल झाली तेव्हा स्ट्रमर आणि सिमोनन तिथे होते, क्लॅशच्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला त्याच दिवसाचा फोटो आहे. रफ ट्रेड हे रेकॉर्डचं दुकान १९७६ मध्ये याच भागात सुरू झालं, आज टॅल्बट रोडवर आहे. खरेदी करायची तर इथे करा.

टूरमध्ये नसलेला पूर्वेचा दिवस

चामडी जॅकेटं आणि सेफ्टी पिनांच्या गोष्टींत एक भाग हरवतो, आणि भारतीय वाचकाला तोच सगळ्यात जवळचा आहे. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष वाढत होता, आशियाई लोकांवर हल्ले होत होते. नाझी स्वस्तिक मिरवणारे काही पंकही होतेच, ते लपवायचं कारण नाही. त्याविरुद्ध ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर स्क्वेअरवरून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेला, आणि तिथे क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन आणि रेगे बँड स्टील पल्स वाजले.

चारच दिवसांनी, ४ मे रोजी, अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यात काम करणारा तरुण बंगाली कामावरून घरी जाताना व्हाइटचॅपलमध्ये भोसकून मारला गेला. हजारो बंगाली लोक त्याची शवपेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. १९७९ मध्ये लंडनमध्येच पाकिस्तानी वंशाच्या मुलांचा एलियन कल्चर हा पंक बँड निघाला. परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडेल अशी लोकांना भीती वाटते, असं मार्गारेट थॅचर म्हणाल्या होत्या. बँडचं नाव त्यावरून.

अल्डगेट ईस्ट स्टेशनवर उतरलं की दोन मिनिटांवर अल्ताब अली पार्क. तिथून ब्रिक लेन, वाटेत जेवण उरकून घ्या, पुढे बेथनल ग्रीनमार्गे व्हिक्टोरिया पार्क. सावकाश चालत तासभर लागतो. या वाटेला गाइड मिळाला तर उत्तमच, पण मधल्या तुकड्याच्या टूरचा गाइड आवडला असेल तर निरोप घेताना त्यालाच विचारा की हा पूर्वेचा रस्ता तो खासगी टूर म्हणून करेल का. चार-पाच जण मिळून पैसे वाटून घेतले तर फार महाग पडत नाही, आणि तो हो म्हणण्याची शक्यता बरीच असते.